सेप्सिसचं अ‍ॅप चांगलं की वाईट, हे जुन्या केस पेपरवरच कळतं

माझ्याकडे पूर्वी रेसिडेंट होता, आता कोकणात एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे, त्याने विचारलंय: "मॅडम, सेप्सिससाठी फोनवर डझनभर अ‍ॅप दिसतात. आमच्याकडे इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूचा तज्ज्ञ, नाही, रात्री एक डॉक्टर आणि दोन सिस्टर. एखादं चांगलं अ‍ॅप सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून द्यावं म्हणतोय, पण चांगलं कुठलं हे ठरवायचं कसं? चार-साडेचार स्टार असलेलं घेतलं तर चालेल का?"

स्टारवर जाऊ नकोस, हे आधीच सांगते. स्टार देणाऱ्यात परीक्षेची तयारी करणारे असतात, अ‍ॅप पटकन उघडलं म्हणून खूश झालेले असतात, जाहिराती आल्या म्हणून चिडलेले असतात, पण त्यातल्या कुणी अ‍ॅपचं उत्तर पेशंटच्या पेपरशी पडताळून बघितलंय असं क्वचितच होतं. आणि सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयवच बिघडायला लागणं, त्यात तर उत्तर चुकलं की नुकसान काही तासांत दिसतं. जगात २०१७ या एका वर्षात सेप्सिसचे ४ कोटी ८९ लाख पेशंट आणि १ कोटी १० लाख मृत्यू असा अंदाज लॅन्सेटमध्ये २०२० ला आला होता, आणि त्यात मोठा वाटा आपल्यासारख्या देशांचा आहे, जिथे पहिला डॉक्टर तुझ्यासारखा एकटा असतो. त्यामुळे तुझा प्रश्न मला अगदी मनापासून महत्त्वाचा वाटतो आणि उत्तर लांब होणार आहे.

अ‍ॅप तपासायच्या शास्त्रीय पट्ट्या आहेत, नाही असं नाही. सगळ्यात जास्त वापरतात ती मार्स, म्हणजे मोबाईल अ‍ॅप रेटिंग स्केल, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या लोकांनी २०१५ ला केलेली, २३ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. वापरणारा गुंततो का, चालतं कसं, दिसतं कसं, माहितीचा दर्जा काय, असे चार भाग आणि शेवटी तुमचं वैयक्तिक मत. पट्टी चांगली आहे, मी स्वतः रेसिडेंट्सकडून भरून घेतलीय, पण तिचा एकूण आकडा बघताना एक गोष्ट ध्यानात ठेव. चारही भागांना सारखंच वजन असतं. समज एखाद्या अ‍ॅपला पहिल्या तीन भागात ४.५ मिळाले आणि माहितीच्या भागात फक्त २.५, तरी सरासरी ४ येते. म्हणजे देखणं, गुळगुळीत चालणारं आणि आतून जुनाट अ‍ॅप पाचपैकी चार घेऊन पास. आरोग्याची सवय लावणाऱ्या अ‍ॅपला हे चालून जाईल, व्यायामाचं वगैरे. नॉरअ‍ॅडचा, म्हणजे पडलेलं बीपी वर आणायच्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा, डोस सांगणाऱ्या अ‍ॅपला नाही चालणार. म्हणून मार्स भरायची असेल तर माहितीच्या भागाचा आकडा वेगळा काढून बघ, तिथे ४ च्या खाली असेल तर पुढे बघायचंच नाही, असं मी करते.

आता मी खरंच काय करते ते सांगते. मी जुने केस पेपर काढते. ज्या पेशंटचं पुढे काय झालं ते मला माहितीय असे आठ-दहा, आणि त्या पेशंटचे पहिल्या तासातले आकडे जसेच्या तसे अ‍ॅपमध्ये भरते आणि बघते अ‍ॅप काय म्हणतं.

एक पेपर मी प्रत्येक अ‍ॅपला देते. अठ्ठावन्न वर्षांची बाई, शुगर आहे, वजन ४६ किलो, दोन दिवस थंडीताप, लघवीला जळजळ. आली तेव्हा चालत आली, शुद्धीवर, नीट बोलत होती. ताप ३८.९ सेल्सियस, पल्स १२४, बीपी १०४/६०, श्वास २०, ऑक्सिजन हवेवर ९५. सहा तासांनी बीपी ७८/४०, लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते) ४.१, युरिन बॅगेत जेमतेम तळ झाकेल एवढी लघवी. आता पहिले आकडे क्यूसोफात, म्हणजे श्वास, बीपी आणि शुद्ध या तीनच गोष्टींच्या झटपट स्कोअरमध्ये, घाल: श्वास २२ च्या आत, वरचं बीपी १०० च्या वर, शुद्ध ठीक, म्हणजे गुण शून्य. अ‍ॅपने हिरवा रंग दाखवला, लो रिस्क. तेच आकडे न्यूज-२ मध्ये, म्हणजे पल्स, ताप, ऑक्सिजनही धरणाऱ्या वॉर्डातल्या स्कोअरमध्ये, घाल: ऑक्सिजनचा १, बीपीचा १, पल्सचे २, तापाचा १, एकूण ५, म्हणजे डॉक्टरने ताबडतोब येऊन बघायचं. एकच बाई, एकच वेळ, एका अ‍ॅपवर घरी जाऊ शकते आणि दुसऱ्यावर डॉक्टरला उठवायला लागतं. २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्ये स्पष्ट लिहिलंय की एकट्या क्यूसोफावर स्क्रीनिंग करू नका, आणि तरी फक्त क्यूसोफाचे तीन प्रश्न विचारून रंग दाखवणारी अ‍ॅप आजही डाउनलोड होतायत. तुझ्या यादीतली अशी आधी काढून टाक.

जुनं अ‍ॅप ओळखायला फार वेळ लागत नाही, काही शब्द शोधायचे. स्टोअरवर अपडेटची तारीख गेल्या महिन्यातली दिसेल पण ती सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीची असते, मजकुराची नाही, त्यात फसू नकोस. आत 'सिव्हिअर सेप्सिस' असा प्रकार दिसला तर तो २०१६ च्या व्याख्येतच गेलाय, आता इन्फेक्शनमुळे अवयव बिघडला की तेच सेप्सिस आणि त्यापुढे बीपी कोसळलं की सेप्टिक शॉक, बस. सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) ८ ते १२ करा असं टार्गेट दिसलं तर ते अ‍ॅप २००१ मध्ये अडकलंय, कारण तेव्हा आलेल्या त्या पद्धतीचा जास्तीचा फायदा नाही हे २०१४-१५ मध्ये तीन मोठ्या अभ्यासांत दिसून झालंय. बीपी वाढवायला पहिलं औषध म्हणून डोपामिन दिसलं तर बंद कर. सगळ्यांना एका तासात अँटिबायोटिक असं सरसकट लिहिलं असेल तरी ते २०२१ च्या आधीचं, आता शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर एका तासात, आणि शॉक नाही, नुसती शंका आहे, तर पटापट तपासण्या करून तीन तासांपर्यंत ठरवायची मुभा आहे. लहान मुलांच्या भागात २०२४ चे फीनिक्स निकष (मुलांमधलं सेप्सिस ठरवायचे) आहेत का बघ. गरोदर बाईसाठी वेगळे आकडे नसतील तर त्या अ‍ॅपने निदान 'गरोदरपणात वापरू नका' एवढं तरी म्हणायला हवं, कारण त्यांचं बीपी आणि पल्स मुळातच वेगळे असतात.

यापुढचं नीट वाच, कारण मला सगळ्यात जास्त चुका इथे सापडल्यात. युनिट.

त्याच बाईचं किडनीचं क्रिएटिनिन २.१ होतं, प्लेटलेट ९२ हजार, लिव्हरचं बिलिरुबिन पाठवलेलंच नव्हतं. सोफा, म्हणजे कुठले अवयव किती बिघडलेत याचा स्कोअर, काढला तर क्रिएटिनिनचे २, प्लेटलेटचे २, एकूण ४, म्हणजे सेप्सिस पक्कं. आमच्या एका रेसिडेंटने नाईटला एका अ‍ॅपवर काढला तर २ आला. त्याने मला फोनवर २ सांगितला, मला पटेना, मी म्हटलं स्क्रीनचा फोटो पाठव. अ‍ॅपची सेटिंग परदेशी होती, क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये मागत होतं, २.१ मायक्रोमोल म्हणजे आपल्या मिलिग्रॅमच्या मोजमापात ०.०२, गुण शून्य. आता विचार कर, २.१ मायक्रोमोल क्रिएटिनिन जिवंत माणसात असतं का? अ‍ॅपने तिथेच अडवायला हवं होतं की बाबा हा आकडा शक्य नाही, युनिट बघ. नाही अडवलं. तेव्हापासून मी प्रत्येक अ‍ॅपमध्ये मुद्दाम अशक्य आकडे टाकते, वजन ४६० किलो, पल्स १२, प्लेटलेट ९२, आणि बघते ते काही बोलतं का. गुपचूप उत्तर देणारं अ‍ॅप मी ठेवत नाही. लॅक्टेटचंही तेच, १ मिलिमोल म्हणजे साधारण ९ मिलिग्रॅम, तुमची लॅब रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये देत असेल आणि तू १८ टाकलंस तर अ‍ॅपला वाटेल पेशंट गेल्यात जमा आहे, प्रत्यक्षात ते २ आहे.

आणि ते बिलिरुबिन. न केलेली तपासणी नॉर्मल धरायची पद्धत आहे, ती चूक नाही, पण अ‍ॅपने तसं लिहून सांगायला हवं की 'बिलिरुबिन दिलं नाही, शून्य धरलंय, खरा स्कोअर जास्त असू शकतो.' तुझ्याकडे रात्री लॅब बंद असते, एबीजी (रक्तातला ऑक्सिजन मोजणारी तपासणी) नाही, म्हणजे तुझा निम्मा सोफा रिकामाच राहणार, आणि अ‍ॅप जर रिकाम्या जागेला निरोगी समजून हिरवा रंग दाखवत असेल तर ते तुझ्यासाठी धोक्याचं आहे, भले मुंबईच्या मोठ्या आयसीयूत ते उत्तम चालत असेल.

नॉरअ‍ॅडचं गणित हाताने करून बघ, एकदाच कर पण कर. बाई ४६ किलो, डोस ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, म्हणजे मिनिटाला ४.६, तासाला २७६ मायक्रोग्रॅम. आपण ४ मिलिग्रॅम ५० मिलीत भरतो, एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम, तर पंप ३.४५ मिली प्रति तास. आता बरीच बाहेरची अ‍ॅप ४ मिलिग्रॅम २५० मिलीत धरतात, त्यात एका मिलीत १६, त्यांचं उत्तर येतं १७.२५. डोस तोच, पण तो १७.२५ चा आकडा कुणी आपल्या ५० मिलीच्या सिरिंजवर लावला तर पेशंटला पाचपट औषध जाईल. म्हणून डायल्युशन, म्हणजे औषध किती मिलीत पातळ केलंय ते, बदलता येतं का, आणि उत्तराच्या शेजारी 'कुठल्या डायल्युशनला' हे मोठ्या अक्षरात दिसतं का, हे बघायचंच. अजून एक, डोस प्रति मिनिट की प्रति किलो प्रति मिनिट, आणि अँप्युलवर लिहिलेलं वजन बायटार्ट्रेट क्षाराचं की बेसचं, कारण २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेटमध्ये बेस साधारण १ मिलिग्रॅमच असतो. हे मला विचारलंस तर मी सरळ सांगेन, तुमच्या सिस्टरनी इन्फ्युजनचा दर अ‍ॅपवरून घेऊच नये, तुम्ही एक तक्ता करा, ४० किलोपासून ८० किलोपर्यंत, तुमच्याच डायल्युशनचा, दोघांनी तपासून सही करून पंपाशेजारी चिकटवा.

सलाईनचं बघ. ३० मिली प्रति किलो पहिल्या तीन तासांत, हे सगळ्या अ‍ॅपमध्ये असतं. ४६ किलोला १३८० मिली होतात. पण वजन न भरता पुढे जाऊ देणारी अ‍ॅप आहेत, ती आपोआप ७० किलो धरतात आणि २१०० सांगतात, सातशे वीस मिली जास्त, आणि आपल्याकडे वजन काटा वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला असतो त्यामुळे वजन न भरणं ही रोजची गोष्ट. शिवाय ३० मिलीचा तो सल्ला २०२१ मध्ये कडक शिफारशीवरून सौम्य सूचनेवर आला, हे किती अ‍ॅपमध्ये दिसतं ते शोध. तुझ्यासाठी हे पुस्तकी नाही. झांबियात २०१७ ला बीपी पडलेल्या सेप्सिसच्या मोठ्या माणसांवर, बहुतेक एचआयव्ही असलेल्या, अभ्यास झाला होता, ठरवून भराभर सलाईन आणि प्रेशर वाढवायची औषधं दिलेल्यांत ४८ टक्के गेले आणि नेहमीसारखी ट्रीटमेंट मिळालेल्यांत ३३ टक्के. आफ्रिकेतल्या मुलांवरच्या २०११ च्या फीस्ट अभ्यासातही बोलस, म्हणजे एकदम भराभर सलाईन, दिलेल्या गटात मृत्यू जास्त. व्हेंटिलेटर हाताशी नाही अशा ठिकाणी फुफ्फुसात पाणी भरलं तर परत फिरायला वाट नसते. म्हणून चांगलं अ‍ॅप मी त्याला म्हणते जे प्रत्येक ५०० मिलीनंतर थांबवतं आणि विचारतं, श्वास वाढला का, छातीत क्रेप्स (पाण्याचा चरचर आवाज) आले का, नखावर दाबून रंग परत यायला किती सेकंद लागले. या शेवटच्या तपासणीला पैसे लागत नाहीत, २०१९ च्या अँड्रोमेडा अभ्यासात लॅक्टेटच्या तोडीस तोड ठरली, आणि तुझ्याकडे लॅक्टेट नाही, तर ती ज्या अ‍ॅपमध्ये आहे त्याला माझ्याकडून जास्त गुण.

अँटिबायोटिकच्या पानाबद्दल थोडक्यात. लंडन नाहीतर बोस्टनच्या जंतूंवर बेतलेली यादी सिंधुदुर्गात चालत नाही. पावसाळ्यात तुझ्याकडे ताप, कावीळ, क्रिएटिनिन वाढलेलं आणि डोळे लाल असा शेतात राबणारा माणूस आला तर लेप्टो डोक्यात यायला पाहिजे, अंगावर कुठे काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस, आणि त्या अ‍ॅपमध्ये या दोन्हींवर देतात ते डॉक्सीसायक्लिन हा शब्दच नसतो. डेंग्यूत प्लेटलेट पडल्या की सोफा वाढतो आणि अ‍ॅप म्हणतं मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिक द्या. मी अ‍ॅपमध्ये 'लेप्टो' शोधून बघते, सापडलं नाही तर अँटिबायोटिकचं पान वापरू नका असं टीमला सांगते, त्यासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) गाईडलाईन आणि तुमच्या जिल्ह्याच्या लॅबचे कल्चर रिपोर्ट.

एआयवाल्या अ‍ॅपबद्दलही विचारशील, म्हणून. अमेरिकेत एपिक कंपनीचं सेप्सिस ओळखणारं मॉडेल शेकडो हॉस्पिटलांत लावलेलं होतं, मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलने ते बाहेरून तपासलं, २०२१ ला छापून आलं, तर खऱ्या सेप्सिसच्या पेशंटपैकी ६७ टक्के त्याने पकडलेच नव्हते आणि तरी जवळजवळ दर पाच-सहा अ‍ॅडमिशनमागे एकाला अलार्म देत होतं. एवढ्या मोठ्या यंत्रणेचं हे. त्यामुळे '९५ टक्के अचूक' असं कुणी सांगितलं तर दोनच प्रश्न विचार: हे कुठल्या पेशंटवर तपासलं, आणि ज्यांनी बनवलं त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी तपासलंय का. बोट कॅमेऱ्यावर ठेवून पल्स आणि ऑक्सिजन सांगणारी जी असतात ती शॉकच्या गार पडलेल्या बोटावर कृपा करून वापरू नका. आपल्याकडे निदान-उपचाराचं सॉफ्टवेअरही २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येतं, तेव्हा कंपनीचा माणूस आला की नोंदणी आणि वर्ग विचारायचा, लाजायचं नाही.

आकडे बरोबर निघाले की मग अ‍ॅप सिस्टरच्या हातात दे. तू स्वतः वापरून काही कळणार नाही, तुला उत्तर माहीत असतं. ज्या सिस्टर रात्री असतात त्यांच्याच फोनवर, जुना अँड्रॉइड, काच फुटलेली, ग्लोव्हज घालून, नेटवर्क बंद करून. घड्याळ लाव. आमच्याकडे एका सिस्टरला, आणि पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या, सहा आकडे भरायला चार मिनिटं लागली कारण प्रत्येक आकड्याला फिरवायचं चक्र होतं आणि १२४ वर आणताना ते १२६ वर जायचं. तिने सांगितलं, मॅडम, एवढ्या वेळात मी दोन पेशंटचं बीपी बघते. ते अ‍ॅप मजकुराने उत्तम होतं, आम्ही नाही घेतलं. नेट बंद केल्यावर अ‍ॅप चालत नसेल तर तुमच्या भागात पावसात ते आठ-आठ दिवस बंद राहील. आणि ते पेशंटचं नाव, फोटो, तुझे कॉन्टॅक्ट्स, लोकेशन मागतंय का बघ, स्कोअर काढायला यातलं काहीच लागत नाही, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे आणि पेशंट आपल्यावर विश्वासाने झोपलेला असतो.

नातेवाईक आणि आशाताईंसाठी मराठीतलं अ‍ॅप देणार असशील तर भाषा तू स्वतः वाच. आपल्याकडे 'सेप्टिक झालं' म्हणजे जखमेत पू झाला. त्यामुळे अ‍ॅपने 'सेप्टिक' लिहिलं की घरचे जखम शोधतात, जखम नाही म्हणजे काळजी नाही असं समजतात. एका ठिकाणी लक्षणांत 'गोंधळ' लिहिलेलं होतं, घरी कुणी असं म्हणत नाही, घरी म्हणतात बरळतोय, माणसं ओळखत नाही, नुसता झोपून राहतोय. 'मूत्रविसर्जनात घट' नाही, सकाळपासून लघवीला गेलाच नाही. हातपाय गार, धाप, तापाने फणफणलेला माणूस एकदम गार पडला, हे शब्द असतील आणि शेवटी १०८ ला फोन करा असं मोठं बटण असेल तर ते अ‍ॅप कामाचं.

तर आता तू असं कर. गेल्या पावसाळ्यातले दहा केस पेपर काढ, सहा सेप्सिसचे, त्यातले दोन तरी असे की जे आधी साधे वाटले आणि मग बिघडले, दोन डेंग्यूचे, एक लेप्टो, एक असा की ज्याला काहीच झालं नव्हतं. नावं झाकून टाक. तुझ्या यादीतली तीन अ‍ॅप निवड, जास्त नको, आणि वहीत रकाने आखून प्रत्येक पेपरला कुठलं अ‍ॅप काय म्हणालं आणि खरं काय झालं ते लिही. तोपर्यंत कागदावरचा न्यूज-२ चा तक्ता वॉर्डात लाव, तो आजपासून चालू होऊ शकतो. वही भरली की फोटो पाठव, रविवारी दुपारी मी मोकळी असते, फोनवर बसून आपण नॉरअ‍ॅडच्या पानापासून सुरू करू.